ओंडका, काठी आणि दोर : ‘सद्गति’ कसा बघायचा

सत्यजित राय यांनी प्रेमचंदांच्या दोन कथांवर चित्रपट केले. त्यातल्या ‘शतरंज के खिलाडी’बद्दल सगळे बोलतात. त्यात संजीव कुमार आहेत, सईद जाफरी आहेत, अमजद खान यांनी रंगवलेला अवधचा नवाब वाजिद अली शाह आहे, लखनौची नजाकत आहे. दुसऱ्याचं नाव मात्र चटकन कुणाला आठवत नाही. तो म्हणजे १९८१ सालचा ‘सद्गति’. माझ्या मते कथेवरून चित्रपट कसा करावा हे शिकायचं असेल, तर या दोघांत ‘सद्गति’ जास्त शिकवतो. कोल्हापूरच्या माणसाला त्यात आणखी बरंच काही सापडतं.

तो मागं का पडला, याचं कारण साधं आहे. तो थिएटरसाठी केलेला नाही, दूरदर्शनसाठी केलेला आहे. सुमारे ५० मिनिटांचा. ना मध्यंतर, ना गाणी, ना पोस्टर. बंगाली दिग्दर्शकाचा हिंदी चित्रपट असल्यामुळे बंगाली सिनेमाच्या इतिहासात त्याला दोन ओळी मिळतात आणि हिंदी सिनेमाच्या इतिहासात एक. राष्ट्रीय पुरस्कारांत त्या वर्षी परीक्षकांचं विशेष पारितोषिक त्याला मिळालं, पण पुरस्कारानं प्रेक्षक मिळतात असं थोडंच आहे? आपल्याकडं शाहू स्मारकला जुने चित्रपट बघायला येणाऱ्या दर्दी मंडळींतही ‘राय यांचे सगळे पाहिलेत’ म्हणणाऱ्यांकडून हा एक राहून गेलेला असतो.

आधी कथा थोडक्यात सांगतो. तिचा शेवट कळल्यानं बिघडणारं काही नाही, कारण ही उत्कंठेची गोष्ट नव्हे.

दुखी हा चर्मकार समाजातला गरीब माणूस. मुलीची सोयरीक ठरवायची आहे, त्यासाठी शुभ दिवस काढून द्यायला पंडित घासीराम यांना घरी बोलवायचं आहे. नवरा-बायको तयारीला लागतात. पंडितांना बसायला काय द्यायचं? आपली खाट चालणार नाही, ठाकुरांच्या घरून कुणी देणार नाही. मग मोहाच्या पानांची पत्रावळीसारखी बैठक करायची. शिधा काय द्यायचा याची प्रेमचंदांनी यादीच दिली आहे : शेरभर पीठ, अर्धा शेर तांदूळ, पावशेर डाळ, थोडं तूप, मीठ, हळद, वर चार आणे. आणि कशालाही हात लावायचा नाही. दुखी गवताचा भारा घेऊन पंडितांच्या दारात जातो. पंडित म्हणतात, येतो संध्याकाळी, तोवर एवढं अंगण झाड, बैठक सारव, भुसा आणून टाक आणि हा ओंडका फोडून ठेव. दुखी सकाळपासून उपाशी. ओंडक्यात गाठ आहे, तो फुटत नाही. पंडित जेवतात, झोपतात, उठतात आणि त्याला हुरूप देतात. अर्ध्या तासाच्या उन्मादात दुखी घाव घालत राहतो आणि तिथंच कोसळून मरतो. आता प्रेत उचलायचं कुणी? गावातला एक गोंड दुखीच्या वस्तीत जाऊन बजावून येतो की कुणी हात लावायचा नाही, पोलीस चौकशी होईल. प्रेत विहिरीच्या वाटेवर पडलेलं, त्यामुळे पंडितांच्या आळीला पाणी भरता येईना. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत पंडित स्वतःच प्रेताच्या पायात दोरीचा फास अडकवतात, ओढत गावाबाहेर नेऊन टाकतात, परत येऊन अंघोळ करतात आणि घरात गंगाजल शिंपडतात.

एवढीच गोष्ट. छापील आठ-दहा पानं.

आता प्रश्न असा की अशा कथेचा चित्रपट करताना नेमकं काय बदलावं लागतं? बरेच जण म्हणतात, ‘कथेला न्याय दिला’ किंवा ‘कथेवर अन्याय केला’. हा मापदंड मला फारसा उपयोगाचा वाटत नाही. कथा आणि चित्रपट यांच्यातला मुख्य फरक घटनांचा नसतो, निवेदकाचा असतो. कथेत सांगणारा कुणीतरी असतो. तो पात्राच्या मनात शिरू शकतो, मधेच टोमणा मारू शकतो, शेवटी निकालही देऊ शकतो. प्रेमचंद हे तिन्ही करतात. घासीरामांची दिनचर्या सांगताना त्यांची लेखणी उपहासानं भिजलेली आहे : भांग, चंदनाचे पट्टे, घंटा वाजवणं, दारात येणारे यजमान. शेवटच्या वाक्यात तर ते उघडच म्हणतात की जन्मभराच्या भक्तीचं आणि निष्ठेचं बक्षीस ते हेच.

चित्रपटात हा सांगणारा माणूस नसतो. पडद्यामागून आवाज दिला तर तो आणता येतो, पण राय तसं करत नाहीत. मग जे वाक्यातून सांगितलं होतं ते कशातून दाखवायचं? वस्तूतून, अंतरातून, आवाजातून, उजेडातून, आणि एखादी गोष्ट पडद्यावर किती वेळ ठेवायची त्या वेळातून. रूपांतर म्हणजे माझ्या लेखी हे : निवेदकाची मतं काढून घ्यायची आणि प्रेक्षकाला ती मतं स्वतःहून सुचतील अशा गोष्टी समोर मांडायच्या.

‘शतरंज के खिलाडी’त राय यांनी कथा पुष्कळ वाढवली. मूळ कथेत लखनौचे दोन जहागीरदार दोस्त बुद्धिबळाच्या वेडात शेवटी एकमेकांवर तलवार उपसून दोघंही मरतात. चित्रपटात ते मरत नाहीत, भांडण मिटवून इंग्रजी पद्धतीनं नवा डाव मांडतात. शिवाय वाजिद अली शाहची आणि कंपनी सरकारची सगळी राजकीय बाजू राय यांनी घातलेली आहे. तिथं त्यांनी प्रेमचंदांची कथा घेऊन तिच्याभोवती आपला वाडा बांधला. ‘सद्गति’त त्यांनी जवळजवळ काहीच बांधलं नाही. क्रम तोच, माणसं तीच, शेवट तोच. संवादांसाठी त्यांच्यासोबत अमृत राय होते, म्हणजे प्रेमचंदांचे चिरंजीवच. त्यामुळे कुणाला वाटेल, मग दिग्दर्शकानं केलं काय? ते बघण्यासाठी तीन गोष्टी जवळून बघाव्या लागतात.

पहिली गोष्ट ओंडका.

कथेत ओंडका वाचताना तो आपण डोळ्यांसमोर आणतो आणि पुढच्या वाक्याला सोडून देतो. पडद्यावर तो सुटत नाही. दारासमोर पडलेला, वेडावाकडा, गाठीचा. त्याच्यापुढं ओम पुरी. शरीरानं दणकट नाही, नुकताच तापातून उठलेला माणूस. हा ताप महत्त्वाचा आहे. दुखी आजारातून उठलाय हे चित्रपट सुरुवातीलाच आपल्या कानावर घालतो, आणि मग उपाशी पोटी होणारा प्रत्येक घाव आपण मोजायला लागतो. चित्रपटात दुखी आधी गवत कापताना दिसतो. त्या कामात त्याचा हात बसलेला आहे, खुरपं त्याच्या बोटांत मुरलेलं आहे. लाकूड फोडणं हे त्याचं कामच नव्हे. प्रेमचंदांनीही हे एका वाक्यात सांगितलं आहे, पण ते वाक्य वाचणं वेगळं आणि तोच माणूस कुऱ्हाड चुकीच्या जागी, चुकीच्या कोनात मारताना बघणं वेगळं.

मंगळवार पेठेतल्या एका वखारीत जन्मभर लाकूड फोडलेले एक काका आहेत. त्यांना मी चित्रपटातला हा भाग मोबाइलवर दाखवला. त्यांनी ओंडका बघितला आणि पहिलं वाक्य दुखीबद्दल बोलले नाहीत, लाकडाबद्दल बोलले. “अवो, ह्याला पाचर पायजे. नुसत्या कुऱ्हाडीनं ह्यो फुटायचा न्हाई. गाठ आली की धार आडवी जाती.” मग त्यांनी हातवारे करून समजावलं. लाकडाचे धागे सरळ असतात तिथं कुऱ्हाड धाग्यांच्या मधून जाते आणि लाकूड उकलतं. जिथं फांदी फुटलेली असते तिथं धागे वळतात, एकमेकांत गुंततात, त्यालाच गाठ म्हणायचं. तिथं धार धागे सोडवत नाही, तोडायला बघते, आणि सगळा जोर मारणाऱ्याच्या मनगटात आणि खांद्यात परत येतो. अशा ओंडक्याला आधी कडेनं चीर पाडतात, त्यात लोखंडी पाचर बसवतात आणि घणानं ठोकतात. एकट्याचं कामच नाही ते. “दोघं पायजेत आन् पोटात भाकरी पायजे,” काका म्हणाले, आणि त्यांनी मोबाइल परत दिला.

हे ऐकल्यावर चित्रपट मला वेगळा दिसायला लागला. पंडितांनी दुखीला अवघड काम दिलं, एवढंच ते नाही. जे काम या हत्यारानं होणारच नाही ते काम दिलं आहे, आणि काम झाल्याशिवाय मुहूर्त नाही. कथेतला गोंड हेच त्याला सांगतो, स्वतः कुऱ्हाड मारून बघतो आणि टाकून देतो. ती भूमिका छत्तीसगडचे लोककलावंत भैयालाल हेडाऊ यांनी केली आहे. चित्रीकरणही रायपूरच्या आसपासचंच, त्यामुळे त्यांचं बोलणं, बसणं, चिलीम ओढणं यात कुठं नाटकीपणा शिरत नाही. अख्ख्या गोष्टीत दुखीला ‘तुला काही खायला दिलं का?’ असं विचारणारा हा एकटा माणूस.

पार्श्वसंगीत राय यांचंच आहे, पण ते फार जपून वापरलेलं. बराच वेळ आपण फक्त घाव ऐकतो. कामाचा आवाज हाच त्या चित्रपटाचा ठेका आहे. तो थांबला की आपण दचकतो, कारण थांबण्याचा अर्थ आता एकच उरलेला असतो.

दुसरी गोष्ट म्हणजे अंतर.

अस्पृश्यता ही कल्पना आहे, आणि कल्पनेचं चित्र काढता येत नाही. माणसं एकमेकांपासून किती लांब उभी राहतात ते मात्र काढता येतं. ‘सद्गति’ बघताना कोण ओट्यावर आहे, कोण अंगणात आहे, कोण उंबऱ्याच्या आत आहे याकडं मुद्दाम लक्ष ठेवा. सौमेंदु राय यांचा कॅमेरा शांत आहे, तो कुठं ओरडून दाखवत नाही, पण या रेघा तो कधीच पुसट होऊ देत नाही. चिलीम पेटवायला विस्तव हवा म्हणून दुखी पंडितांच्या घराकडं जातो, तेव्हा तो एक रेघ ओलांडतो आणि पंडितांची बायको संतापते. ही भूमिका गीता सिद्धार्थ यांची. कथेत ती चिमट्यानं विस्तव फेकते आणि ठिणगी दुखीच्या डोक्यावर पडते. प्रेमचंद लगेच दुखीच्या मनात शिरतात. त्याला राग येत नाही. त्याला वाटतं, पवित्र घर बाटवलं त्याचंच हे फळ, देवानं किती लवकर दिलं! सगळ्या कथेतला माझ्या मते हा सर्वांत भयंकर क्षण. मरणापेक्षा भयंकर. कारण इथं कळतं की पंडितांना पहारा ठेवायची गरजच नाही, दुखी स्वतःच स्वतःवर पहारा ठेवतो आहे.

चित्रपटाला हे मनातलं बोलणं जसंच्या तसं घेता येत नाही. तो भार ओम पुरींच्या देहावर पडतो. त्यांचे खाली झुकलेले खांदे बघा, हात जोडताना वाकणारी मान बघा. आदल्याच वर्षी, १९८०च्या ‘आक्रोश’मध्ये ते आणि स्मिता पाटील असेच नवरा-बायको होते आणि तिथं ओम पुरी जवळजवळ पूर्ण चित्रपटभर मुके राहिले होते. पण ‘आक्रोश’मधलं मौन आतून धुमसणारं आहे, ‘सद्गति’मधल्या दुखीत ते धुमसणं नाही. तो बोलतो, हसतो, लाचारी करतो आणि शेवटी राग काढतो तो ओंडक्यावर. एकाच नटाचे हे दोन गरीब माणूस शेजारी ठेवून बघण्यासारखे आहेत.

मराठी माणसाला आणखी एक गंमत वाटेल. पंडितांचं काम मोहन आगाशे यांनी केलं आहे. १९७२ पासून ‘घाशीराम कोतवाल’मधला त्यांचा नाना फडणवीस महाराष्ट्रानं डोक्यावर घेतला होता, आणि इथं त्यांच्या पात्राचं नाव प्रेमचंदांनी कितीतरी आधी ठेवून दिलेलं, घासीराम! पण त्यांनी नाना इथं आणला नाही. हा पंडित क्रूर नाही. तो दुखीला मारत नाही, शिव्यांचा भडिमार करत नाही, त्याचा द्वेषही करत नाही. त्याला फक्त दुखी माणूस म्हणून दिसतच नाही. खलनायक रंगवायचा मोह टाळला म्हणून तर चित्रपट टिकला. खलनायक असता तर आपण त्याच्यावर दोष टाकून मोकळे झालो असतो.

आणि आता तिसरी गोष्ट, काठी. हे दृश्य मी कितीही वेळा बघितलं तरी तिथं श्वास अडतो.

कथेत एवढंच आहे की पंडितांनी दोरी काढली, फास केला, प्रेताच्या पायात घातला आणि ओढून आवळला. वाचताना आपण पुढं जातो. राय यांना मात्र एक व्यावहारिक अडचण दिसली : प्रेताला हात न लावता फास पायात घालायचा कसा? पाय तर जमिनीवर पडलेला. मग पंडित काठीच्या आकड्यानं तो पाय हळूच उचलतात आणि खालून दोरीचा फास सरकवतात. सावधपणे, घाई न करता, एखादं नाजूक काम करावं तसं. विटाळ म्हणजे काय हे शंभर पानांच्या निबंधात मावणार नाही ते त्या काठीच्या टोकावर मावलं आहे. माणसाला उपाशी राबवून मारताना हात बाटला नाही, आता तो मेल्यावर बाटेल! राय यांनी कथेत घातलेली ही भर केवढीशी, एक काठी. पण प्रेमचंदांनी उपहासानं जे सांगितलं होतं ते सगळं तिच्यात उतरलं आहे. रूपांतर कशाला म्हणतात हे कुणाला समजावायचं झालं तर मी एवढंच दृश्य दाखवेन.

त्याच्या आधीची रात्र पावसाची आहे. दुखीची बायको झुरिया पंडितांच्या बंद दारासमोर येते आणि पावसात आक्रोश करते. स्मिता पाटील यांना या चित्रपटात फार थोडी दृश्यं आहेत. पण सुरुवातीची शिध्याची जुळवाजुळव करणारी, नवऱ्याला काय काय सांगायचं याची काळजी करणारी संसारी बाई आणि ही रात्रीची बाई, या दोन्ही एकच आहेत हे त्या आपल्याला विसरू देत नाहीत. आतल्या माणसांना तिचं रडणं ऐकू येतं, दार उघडत नाही.

आता कोल्हापूरचं. ‘हा उत्तर प्रदेशातला जुना काळ, आपला काय संबंध?’ असं कुणी म्हणालं तर मला पटत नाही.

दुखीला पैसा नको आहे, जमीन नको आहे. त्याला हवा आहे मुलीच्या सोयरिकीचा मुहूर्त. तो फक्त एका माणसाकडून मिळतो असं त्याला शिकवलं गेलंय. त्या एका गरजेच्या दोरीवर पंडित त्याला दिवसभर राबवतात. म्हणजे या कथेतल्या वेठीचं मूळ कर्जात नाही, विधीच्या मक्तेदारीत आहे. ही गाठ आपल्या मातीत फार आधी ओळखली गेली. महात्मा फुले यांनी १८५५ साली लिहिलेल्या ‘तृतीय रत्न’ नाटकात जोशीबुवा कुणब्याच्या गरोदर बायकोला ग्रहांची भीती घालून लुबाडतो. १८७३ साली सत्यशोधक समाज निघाला, आणि त्याचं एक मोठं काम हेच होतं : भटजीशिवाय लग्न लावणं. कोल्हापुरात १९११ साली सत्यशोधक समाजाची शाखा उभी राहिली, राजर्षी शाहू महाराजांचा पाठिंबा तिला होता. इथल्या खेड्यापाड्यांतून पुरोहिताशिवाय लग्नं लागली.

स्वतः महाराजांनाही हा अनुभव आला होताच. १८९९ साली कार्तिक महिन्यात पंचगंगेवर स्नानाला गेले असता त्यांच्यासाठी वेदोक्त म्हणजे वेदांतले नव्हे, तर शूद्रांसाठी मानलेले पुराणोक्त मंत्र म्हटले जात होते, हे उघड झालं आणि त्यातून वेदोक्त प्रकरण पेटलं. राजालासुद्धा त्याचा मंत्र कुठला हे दुसऱ्यानं ठरवायचं! फरक एवढाच की राजा भांडू शकला. पुढं १९०२ साली संस्थानातल्या नोकऱ्यांत ५० टक्के जागा मागासलेल्यांसाठी राखल्या गेल्या, १९१९ साली पाणवठे, शाळा, दवाखाने अशा सार्वजनिक ठिकाणी शिवाशिव पाळायची नाही असे हुकूम निघाले, वेठबिगारी बंद झाली, १९२०च्या मार्चमध्ये अस्पृश्यांची माणगावची परिषद झाली. अस्पृश्य मानलेल्या समाजातल्या गंगाराम कांबळे यांना पाण्याला शिवल्यावरून मार बसला, तेव्हा महाराजांनी त्यांना भाऊसिंगजी रोडवर चहाचं दुकान काढायला पाठबळ दिलं आणि स्वतः तिथं चहा घ्यायला जात. ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. ‘सद्गति’ बघितल्यावर तिचं वजन कळतं. प्रेमचंदांनी ही कथा लिहिली ती १९३०-३१च्या सुमारास, म्हणजे या सगळ्यानंतर. कोल्हापुरात विहिरीचा हुकूम निघून दहाएक वर्षं झाली होती आणि तिकडं दुखी विस्तवासाठी अंगणात उभा होता.

कोल्हापूरच्या सिनेमालाही या विषयाचं वावडं नव्हतं. बाबूराव पेंटर यांनी १९२५ साली ‘सावकारी पाश’ काढला. पौराणिक चित्रपटांचा तो जमाना, आणि यांनी पडद्यावर आणला जमीन गमावून शहरात मजुरीला जाणारा शेतकरी. तरुण शेतकऱ्याचं काम व्ही. शांताराम यांनी केलं होतं. तो मूकपट आज उपलब्ध नाही. पण अंधारी झोपडी आणि तिच्याजवळ रडणारं कुत्रं हे त्यातलं दृश्य बघणाऱ्यांच्या आठवणींतून पुढं आलं आहे. शब्दाविना, एका वस्तूतून आणि उजेड-अंधारातून दैन्य सांगायचं हे काम कोल्हापूरनं भारतीय सिनेमाला फार लवकर करून दाखवलं होतं. म्हणून ‘सद्गति’ मला परका वाटत नाही.

एका आक्षेपाचा मात्र विचार करायला हवा, कारण तो खरा आहे. चर्चेत कुणीतरी तरुण हमखास विचारतो, “दुखी एकदाही उलट का बोलत नाही? सगळं मुकाट्यानं का सोसतो?” त्याला हा चित्रपट करुणेचा वाटतो, हक्काचा नाही. प्रेमचंदांच्या दलित पात्रांवर दलित लेखकांनी आक्षेप घेतलेच आहेत. मराठी वाचकाला तर ते जास्तच जाणवतं, कारण आपण अण्णा भाऊ साठे वाचले आहेत, बाबूराव बागूल वाचले आहेत. त्यांची माणसं मार खातात, पण मार खाताना कुणाचा मार आहे हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. दुखीला ते ठाऊक नाही.

माझं उत्तर असं की चित्रपटात नकार आहे, पण तो दुखीकडं नाही, त्याच्या वस्तीकडं आहे. प्रेत उचलायला कुणी येत नाही. घोषणा नाही, मोर्चा नाही, नुसतं न येणं. शतकानुशतकं मेलेली जनावरं ओढून नेण्याचं काम ज्यांच्या माथी मारलं, त्यांनी एका रात्रीपुरतं ते काम थांबवलं आणि त्यासरशी पंडितांची आळी पाण्याला महाग झाली. शेवटी ते काम पंडितांना स्वतःच्या हातांनी करावं लागलं. व्यवस्था कुणाच्या खांद्यावर उभी होती हे त्या पहाटे दिसतं. हा नकार छोटा आहे, भीतीतून आलेला आहे, पोलिसांच्या नावानं आलेला आहे. पण तो आहे, आणि राय त्याच्यावर भाषण चढवत नाहीत.

तरीही त्या तरुणाचा प्रश्न मी खोडून काढणार नाही. ‘सद्गति’ यंत्र कसं चालतं ते दाखवतो, त्यात सापडलेल्या माणसाची आतली भाषा त्याच्याकडं नाही. ती हवी असेल तर दुसऱ्या दारात जावं लागतं. म्हणून माझा सल्ला असा : चित्रपट आधी बघा, एका बैठकीत, मधे न थांबवता. मग प्रेमचंदांची कथा वाचा आणि शिध्याची यादी, विस्तव, काठी या तीन ठिकाणी थांबून दोन्ही ताडून बघा. आणि त्यानंतर, त्याच आठवड्यात, बागूलांची ‘जेव्हा मी जात चोरली होती!’ ही कथा वाचा. १९६३ साली त्याच नावाचा त्यांचा कथासंग्रह आला. रेल्वेत नोकरीला लागलेला, परक्या गावी जात लपवून राहिलेला तरुण उघडा पडतो आणि मार खातो. पण त्या माराचा धनी कोण, हे त्याच्या तोंडून ऐकण्यासारखं आहे. दुखीच्या तोंडी जे वाक्य प्रेमचंद घालू शकले नाहीत आणि राय यांनी घातलं नाही, ते तिथं मराठीत लिहिलेलं आहे.